पोटातला मुद्दा

म्हसावदच्या एका शाळेत मी मुलांना संगणकावर सादरीकरण शिकवत होतो. आठवीतल्या एका मुलीने टॅबची कळ दाबली. ओळ उजवीकडे सरकली, टिंब बारीक झालं. तिने विचारलं, "सर, हा मुद्दा कोणाच्या पोटात गेला?"

पॉवरपॉइंटच्या जुन्या आवृत्त्यांत या सरकवण्याच्या बटणांची नावं 'प्रमोट' आणि 'डिमोट' होती. बढती आणि पदावनती. ओळ आत गेली की तिचा हुद्दा उतरला, असा त्या नावांचा हिशेब. मुलीला हुद्द्याशी कर्तव्य नव्हतं, तिला नातं हवं होतं.

ते नातं मराठीने केव्हाच ठरवून ठेवलंय. पोटकलम, पोटनियम, पोटजात, पोटभाडेकरू. सातपुड्याच्या पायथ्याशी शेती करणाऱ्या या गावात तर हा शब्द सातबाऱ्यावरच भेटतो: सर्व्हे नंबर, त्याचा पोटहिस्सा, आणि पिकाखाली न येणारा पोटखराबा. सगळ्या पोटहिश्श्यांची बेरीज केली की मूळ नंबराचं क्षेत्र भरायला हवं, नाही भरलं तर कुठेतरी चुकलंय. पोटमुद्द्यालाही हीच कसोटी लावावी, असं मला मनापासून वाटतं. पुष्कळ जण 'उपमुद्दा' म्हणतात. पण संस्कृतातल्या 'उप'ला नुसतं जवळ असणं पुरतं. पोटातला मात्र त्या पोटाचाच असावा लागतो.

मुद्दा हा शब्दही साधा नाही. अरबीत 'मुद्दआ' म्हणजे ज्यावर दावा सांगितला ते. दावा आणि मुद्दई, म्हणजे फिर्यादी, हे त्याचे सख्खे भाऊ. पोलीस जप्त करतात तो मुद्देमालही याच घरचा. कचेरीतून आलेला हा शब्द आपण निबंधात आणला, पण त्याची मूळ अट विसरलो: मुद्दा मांडला की तो शाबीत करायची जबाबदारी आली. टिंबापुढे 'पर्यावरण' एवढाच शब्द लिहून मुलं थांबतात, तेव्हा मी विचारतो, दावा काय आहे?

ओळ आत सरकवण्याला इंग्रजीत 'इंडेंट' म्हणतात; त्या शब्दाची कुळकथा दातापर्यंत जाते. लॅटिनमध्ये 'डेन्स' म्हणजे दात. करारनामा एकाच चामड्यावर दोनदा लिहायचा, मधून दातेरी कापायचा आणि दोन्ही पक्षांनी एकेक तुकडा ठेवायचा. पुढे वाद झाला तर दाते जुळवून पाहायचे. त्या कागदाला 'इंडेंचर' म्हणत. वसाहतीतल्या मळ्यांवर याच नावाच्या करारावर मजूर गेले. मॉरिशसला १८३४पासून गेलेल्यांत मराठी माणसंही होती. 'अ‍ॅग्रीमेंट' या मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झालं. आमच्या खानदेशातला सालदार, म्हणजे सालाने राबणारा शेतमजूर, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वर्षाच्या बोलीवर ठरायचा, आणि बहुधा ती बोली तोंडीच असायची. दाते जुळवायला त्याच्या हाती कागदाचा तुकडाही नसे. आज आरोग्य केंद्रातून औषधांची मागणी जाते तिलाही इंडेंटच म्हणतात, आणि ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेलाही. त्या जागेत मला अजून दाताची खाच दिसते. आपला 'परिच्छेद'सुद्धा 'छिद्'वरून आला, म्हणजे कापण्यावरूनच.

जुन्या मोडी हिशेबांत टिंब नव्हतं, तिथे शब्दच पायरी दाखवत. एकूण रक्कम मांडायची, मग 'बितपशील' लिहून तिची फोड करायची, आणि तिच्यातून काही वेगळं काढायचं तर 'पैकी'. 'बितपशील' म्हणजे तपशिलासह. 'पैकी' हा तर मला मराठीतला सर्वांत प्रामाणिक शब्द वाटतो. तो लिहिला की खालचं वरच्यातूनच आलंय, याची हमी लिहिणाऱ्याने दिली.

त्या मुलीच्या पडद्यावर 'पाणीटंचाई' हा मुद्दा होता आणि आत सरकलेली ओळ होती 'शासनाच्या योजना'. मी तिला म्हटलं, दोन्हींच्या मध्ये 'पैकी' घालून वाच. तिने मोठ्याने वाचलं: पाणीटंचाईपैकी शासनाच्या योजना. जरा थांबली. मग शिफ्ट धरून टॅब दाबला, आणि ओळ पोटातून बाहेर आली.