पदवीधरांच्या सत्काराचा हिशेब

मुंबई विद्यापीठाने 1862 साली बी. ए.च्या पहिल्या पदव्या दिल्या तेव्हा त्या घेणारे चौघेच होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठ स्थापन होऊन पाच वर्षे होत आली होती, पण त्याला स्वतःची इमारत नव्हती. राजाबाई टॉवर आणि शेजारचे दीक्षान्त सभागृह हे सगळे पुढचे. तरीही त्या चौघांकडे सारा इलाखा डोळे लावून पाहत होता, आणि त्यांनी नंतर जे केले ते पाहता ते पाहणे वाया गेले नाही. पदवीधराचे कौतुक करण्याची आपल्याकडची आधुनिक रीत इथून सुरू झाली असे म्हणायला हरकत नाही. आज ती गल्लोगल्ली पोचली आहे. निकाल लागले की फलक लागतात, सभागृहे भरतात, शाली-श्रीफळे वाटली जातात, फोटो निघतात. या रिवाजाची थट्टा करणे सोपे आहे. पण त्याचा इतिहास नीट पाहिला तर दिसते ते असे की, सत्काराच्या रूपाने समाज आपल्या शिकलेल्या माणसाच्या हाती काहीतरी ठेवत आला आहे, आणि जेव्हा जेव्हा हाती ठेवलेली ती वस्तू पुढच्या वाटेला उपयोगी पडली, तेव्हा त्या सत्काराने इतिहास घडवला. उरलेल्या वेळी नुसते हार सुकले.

विद्वानाचा जाहीर मान करणे ही गोष्ट इंग्रजांनी आणलेली नाही. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला दक्षिणा वाटली जाई. दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी आपल्याकडे घेतली आणि वाढवली. लांबलांबचे शास्त्री-पंडित त्यासाठी पुण्याची वाट धरत. ज्यांची विद्या मोठी, त्यांची परीक्षा होऊन त्यांना मानाने वेगळी आणि भरघोस दक्षिणा मिळे. बाकीचे पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात जमत आणि ठरलेली रक्कम घेऊन परतत. म्हणजे परीक्षा, प्रतवारी, जाहीर मान आणि रोख रक्कम या चारही गोष्टी तिथे होत्या. दोष एकच होता, पण तो मुळावरचा होता: ही दक्षिणा फक्त ब्राह्मणांना होती आणि ती ज्या वसुलातून निघे तो कुणब्याच्या कष्टाचा होता. 1818 नंतर इंग्रज अंमलात एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्या खर्चातला काही भाग वळवून 1821 साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा निघाली. पुढे त्याच पैशातून दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली, मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली आणि विद्यापीठ आल्यावर हुशार पदवीधरांना दक्षिणा फेलोशिप मिळू लागली. पहिल्या चौघांपैकी भांडारकर हे असेच दक्षिणा फेलो होते. रमण्यातला पैसा असा वळणे-वळणे घेत विद्यापीठाच्या पदवीधरापर्यंत पोचला. जुना मान नव्या विद्येला मिळाला एवढेच यात घडले नाही. एकदा देऊन संपणारी रक्कम पुढे अभ्यासाला लावता येते, हे या निमित्ताने प्रथम लक्षात आले.

यावर सर्वांत टोकदार आक्षेप महात्मा फुल्यांचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरळ सांगितले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. वर शिकलेले लोक खालच्यांना शिकवतील, विद्या आपोआप झिरपत खाली येईल, ही सरकारची समजूत त्यांनी खोटी ठरवली. गावोगावच्या प्राथमिक शाळांचे काय, हा त्यांचा सवाल होता. या नजरेने पाहिले तर पदवीधराचे कौतुक म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर झालेल्या मेजवानीचे कौतुक ठरते. आक्षेप खरा आहे. पण त्याचा नीट अर्थ घेतला तर त्यातून कौतुक बंद करा असा निष्कर्ष निघत नाही. ज्याच्या शिक्षणाचा खर्च रयतेने सोसला, त्याच्याकडे रयतेचे काही येणे लागते, असा निघतो. त्या पिढीतल्या काही पदवीधरांनी हे येणे मान्यही केले. टेंभूसारख्या गावातून अत्यंत गरिबीत वर आलेल्या आगरकरांनी एम. ए. होताना आईला कळवले की, मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे म्हणून मोठ्या पगाराची आशा धरू नका, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामी लावणार आहे. न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेज याच वृत्तीतून उभे राहिले. मात्र फुल्यांच्या सवालाचे पूर्ण उत्तर त्या संस्थांनीही दिले नाही. ते उत्तर यायला आणखी पंचवीस वर्षे लागली आणि ते वेगळ्याच दिशेने आले.

दरम्यान स्त्रियांच्या बाबतीत काय झाले ते पाहण्यासारखे आहे, कारण नुसता मान आणि खरी मदत यांतला फरक तिथे उघडा पडतो. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात आनंदीबाई जोशींना एम. डी. पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. वीस वर्षांच्या या मुलीचे कौतुक दोन्ही खंडांत झाले. पण त्या सगळ्या कौतुकात कामाची गोष्ट केली ती कोल्हापूर दरबाराने: आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. शिकलेल्या बाईला तिच्या विद्येचे काम देणे यापेक्षा मोठा सत्कार नाही. ते काम हाती घेण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, क्षयाने त्यांचा अंत झाला. म्हणून दरबाराच्या त्या निर्णयाचे मोल कमी होत नाही. याच्या उलट उदाहरण कॉर्नेलिया सोराबजींचे. डेक्कन कॉलेजातून शिकून 1888 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या, पहिल्या वर्गात आल्या. वाहवा भरपूर झाली. मात्र अशा यशासाठी विलायतेत शिकायला जाण्याची जी सरकारी शिष्यवृत्ती होती, ती त्यांना केवळ बाई म्हणून नाकारली गेली. अखेर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासह इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली तेव्हा त्या ऑक्सफर्डला पोचल्या. पदवी द्यायची, टाळ्या वाजवायच्या आणि पुढचे दार मात्र लावून घ्यायचे, असे हे कौतुक. त्याला सत्कार म्हणणे मला जड जाते.

पहिल्या नंबराच्या कौतुकाची गोष्ट आणखी निराळी. 1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉसमध्ये दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले. तो मान त्यांनी जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर वाटून घेतला. हिंदी माणूस बुद्धीत कमी आहे असे राज्यकर्ते उघड बोलत असण्याचा तो काळ. त्यामुळे देशभर जो आनंद झाला त्यात स्वाभिमानाचा वाटा मोठा होता. महाराष्ट्राने तर ती पदवी त्यांच्या नावालाच जोडली आणि ते जन्मभर रँग्लर परांजपे राहिले. इथे आक्षेप येतो तो घोकंपट्टीचा आणि नंबरांच्या वेडाचा. तोही पोकळ नाही. केंब्रिजनेच 1909 नंतर रँग्लरांची क्रमवार यादी जाहीर करणे बंद केले. आपल्याकडेही दहावी-बारावीची गुणवत्ता यादी मंडळाला बंद करावी लागली. पदवीधर परीक्षांपायी शरीर झिजवतात आणि अकाली जातात याची चिंता खुद्द रानड्यांनी जाहीरपणे मांडली होती. काशिनाथ त्र्यंबक तेलंग तर विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले आणि 1893 साली अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. तेव्हा नंबराची पूजा नको हे मान्यच करू. पण परांजप्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने जे जपले ते नंबरापेक्षा मोठे होते. विलायतेला जाण्याआधीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता. भक्कम पगाराच्या सरकारी नोकऱ्या समोर असताना त्यांनी तो पाळला आणि तुटपुंज्या पगारावर फर्ग्युसनचे प्राचार्यपद वीसहून अधिक वर्षे सांभाळले. लोकांनी मुलांना सांगितली ती ही गोष्ट, ट्रायपॉसमधल्या गणितांची नव्हे.

फुल्यांच्या सवालाला खरे उत्तर देणारी सभा 1907 साली मुंबईत भरली. एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले होते. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा विद्यापीठच घेई आणि ती विद्यापीठाची वेस होती. 750 पैकी 282 गुण पडले होते. एवढ्या गुणांवर आज कुणी फलक लावणार नाही. परळच्या चाळीत, एका खोलीच्या संसारात, बापाने कर्ज काढून पुस्तके पुरवलेल्या मुलाचे हे गुण होते आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या त्याच्या समाजात मॅट्रिक होणे ही अपूर्व गोष्ट होती. म्हणून सभा भरली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते, भंडारी समाजातले सुधारक. सभेला कृष्णराव अर्जुन केळूसकर आले होते, मराठा समाजातले शिक्षक आणि लेखक. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा वाचत बसलेला त्यांनी पूर्वीच हेरला होता. केळूसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा हेच केळूसकर त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महाराजांनी दोन-चार प्रश्न विचारले, उत्तरे पसंत पडली आणि महिना 25 रुपये सुरू झाले. 1913 साली त्याच दरबाराच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. बोल्यांचा हिशेब तर आणखी लांब जातो. सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात हा 1923 सालचा मुंबई कायदेमंडळातला ठराव त्यांनीच मांडला, आणि 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर आंबेडकर गेले ते त्याच ठरावाचा हक्क बजावण्यासाठी. एका मॅट्रिकच्या सत्काराला जमलेली माणसे वीस वर्षांनीही एकमेकांच्या कामी येत होती.

यावर कुणी म्हणेल, ती सभा जातीचीच होती, आणि आजची ज्ञातिमंडळे आपापल्या गुणवंतांचे सत्कार करतात तेव्हा जातच घट्ट होते. याचे उत्तर त्या सभेतच आहे. सत्कार ज्या समाजाच्या मुलाचा होता, अध्यक्ष त्या समाजाचे नव्हते आणि ग्रंथ देणारेही नव्हते. जातीबाहेरची माणसे तिथे नुसती हजर नव्हती, त्यांनी पुढची जबाबदारी घेतली. ज्या सत्काराला फक्त आपलेच लोक असतात आणि ज्यातून मुलाला आपल्याच लोकांपुरते मोठेपण मिळते, त्याबद्दलचा आक्षेप मी मान्य करतो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: मान देऊन माणसाचे जगणे बदलते का? कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून आंबेडकर 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी उतारशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. ज्या संस्थानाने शिकवले त्याच्याच राजधानीत पदवीची किंमत शून्य ठरली. सत्काराची मर्यादा इथे स्पष्ट दिसते आणि ती झाकण्यात अर्थ नाही. तो समाजाला बदलत नाही. समाज बदलण्याचे बळ असलेल्या माणसाला पुढच्या मुक्कामापर्यंत मात्र पोचवू शकतो. 1907 च्या सभेने तेवढे केले आणि ते थोडे नव्हते.

शिकलेल्या माणसाचा मान नीट करायचा तर तो कसा, याचा नमुना पुण्यातच आहे. 6 जुलै 1917 रोजी, पहिल्या चौघांपैकी एक असलेल्या भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे केले. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह त्या संस्थेला दिला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथेच सिद्ध झाली. सत्कारमूर्ती आणि सत्कार करणारे या दोघांनीही पदरचे काही घातले, म्हणून ते टिकले. दुसरा नमुना मुंबईचा: 1907 साली ज्याचा सत्कार झाला त्याने 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. अलीकडे पदवीदान समारंभात झगा असावा की उपरणे, पगडी पुणेरी की फुले यांची, यावर आपण हिरिरीने भांडलो. पोशाखाला अर्थ असतो, पण समारंभ संपल्यावर त्या मुलाच्या हातात काय उरते हा प्रश्न त्याहून मोठा आहे. यंदा निकालानंतर ज्यांच्या मंडळात, सोसायटीत, गावात गुणवंतांचा सत्कार ठरला असेल त्यांनी एवढेच करावे: स्मृतिचिन्हांचा खर्च धरण्याआधी यादीतल्या प्रत्येकाला पुढच्या वर्षाची फी कुठून भरणार ते विचारावे, आणि ज्याला उत्तर देता येणार नाही त्याच्याबरोबर केळूसकरांसारखे कुणाच्या तरी दारापर्यंत जावे.