वेंडोव्हर विमानतळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उटा राज्याच्या पश्चिम सीमेवरील एक लहान प्रादेशिक विमानतळ आणि दुसऱ्या महायुद्धकाळातील महत्त्वाचा हवाई तळ. सॉल्ट लेक सिटीच्या पश्चिमेस सुमारे १९० किमी. अंतरावर, ग्रेट सॉल्ट लेक वाळवंटाच्या कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मी. उंचीवर तो वसला आहे. त्याची व्यवस्था टूविला काउंटीच्या प्रशासनाकडे आहे. जपानवर अणुबाँब टाकणाऱ्या विमानदलाची उभारणी व प्रशिक्षण येथे झाले, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.

या तळाचा इतिहास त्याच्या भूमीशी निगडित आहे. हिमयुगातील विस्तीर्ण बॉनव्हिल सरोवर आटल्यावर मागे राहिलेले मिठाचे सपाट मैदान वेंडोव्हरच्या पूर्वेस पसरलेले आहे. तेथे वनस्पती नाही व गोड्या पाण्याचा थेंबही नाही. वाळवंटाच्या कडेकडेने गोशूट या आदिवासी जमातीची वस्ती होती. कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या डॉनर तांड्याने १८४६ मध्ये हे मैदान ओलांडले, तेव्हा पाण्याअभावी त्यांचे बरेच बैल दगावले किंवा भरकटले. त्यांना पाणी मिळाले, ते पलीकडच्या पायलट पीक या शिखराच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यांवर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोहमार्ग येथून गेला, तेव्हा त्याच परिसरातून नळाने पाणी आणून वेंडोव्हर हे स्थानक वसविण्यात आले. देशाच्या दोन किनाऱ्यांना जोडणाऱ्या दूरध्वनी मार्गाचा अखेरचा सांधा १९१४ मध्ये येथेच जुळविण्यात आला. मिठाच्या कठीण व समतल पृष्ठभागामुळे हे मैदान मोटारींच्या वेगविक्रमांसाठीही प्रसिद्धीस आले. १९३५ मध्ये माल्कम कॅम्बेल या ब्रिटिश चालकाने येथे ताशी ४८४ किमी. वेग गाठला. असे असले, तरी १९४० च्या सुमारास गावाची लोकसंख्या जेमतेम शंभर होती.

यूरोपात युद्ध पेटल्यानंतर अमेरिकी सैन्याला बाँबफेक व तोफमाऱ्याच्या सरावासाठी विस्तीर्ण क्षेत्राची निकड भासू लागली. ज्या कारणांनी वेंडोव्हर ओसाड राहिले होते, तीच आता त्याच्या निवडीची कारणे ठरली. जमीन बहुतांशी सरकारी, वस्ती नगण्य, हवा कोरडी व आकाश बहुधा निरभ्र होते. शिवाय लोहमार्ग व महामार्ग दोन्ही जवळ होते. हिवाळी चराई बुडणार म्हणून पशुपालकांनी तक्रारी केल्या. तथापि १९४० मध्ये बांधकामास प्रारंभ झाला आणि पुढील वर्षी तळ कार्यान्वित झाला. सरावक्षेत्राची लांबी सुमारे १४० किमी. होती. १९४२ च्या वसंत ऋतूपासून दोन वर्षांत बी-१७ व बी-२४ या अवजड बाँबफेकी विमानांचे सुमारे वीस गट येथे प्रशिक्षण घेऊन युद्धभूमीवर गेले. १९४३ च्या अखेरीस तळावर सुमारे १७,५०० सैनिक आणि २,००० नागरी कर्मचारी होते. युद्ध संपेपर्यंत तेथे ६६८ इमारती उभ्या राहिल्या. त्यांत ३०० खाटांचे रुग्णालय, प्रार्थनामंदिर, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव व दोन चित्रपटगृहे होती. शंभर वस्तीच्या खेड्याशेजारी अल्पावधीत एक नगरच निर्माण झाले.

सप्टेंबर १९४४ मध्ये तळाच्या कार्याला वेगळे वळण लागले. अणुबाँब टाकणाऱ्या दलाचे नेतृत्व पॉल टिबेट्स या लष्करी वैमानिकाकडे सोपविण्यात आले व त्याने प्रशिक्षणासाठी वेंडोव्हरची निवड केली. एकांत, गुप्तता आणि सरावक्षेत्राची समीपता या तिन्ही गरजा येथे भागत होत्या. १७ डिसेंबर १९४४ रोजी ५०९ वा संमिश्र गट औपचारिक रीत्या स्थापन झाला. त्याचे संख्याबळ सुमारे १,८०० होते. गटाची बी-२९ विमाने खास बदल केलेली होती. वजन घटविण्यासाठी शेपटीकडील तोफा वगळता बाकीच्या तोफा व चिलखती पत्रे काढून टाकण्यात आले होते. सुमारे ९,१५० मी. उंचीवरून एकच बाँब अचूक टाकावयाचा आणि लगेच विमान सुमारे १५५ अंशांत झपाट्याने वळवून स्फोटस्थानापासून दूर न्यावयाचे, हा सरावाचा गाभा होता. आघात तरंगाच्या तडाख्यातून विमान वाचण्याचा तोच एक मार्ग होता. लॉस ॲलमॉस येथील शास्त्रज्ञांच्या गरजेनुसार बाँबच्या बाह्य आकाराच्या व स्फोटक्षणाचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेच्या चाचण्याही येथे घेण्यात आल्या. या चाचण्यांतील नमुन्यांत अणुस्फोटक द्रव्य नसे.

गुप्ततेची व्यवस्था कडक होती. पत्रे तपासली जात, दूरध्वनी ऐकले जात आणि निष्काळजीपणे बोलणाऱ्यांची तातडीने बदली होई. परिणामतः गटातील बहुसंख्य माणसांना आपण कोणत्या शस्त्रासाठी राबत आहोत, याची कल्पना नव्हती. १९४५ च्या वसंत ऋतूपासून गट टप्प्याटप्प्याने पॅसिफिकमधील टिनियन बेटाकडे गेला. ‘एनोला गे’ हे विमान जूनमध्ये वेंडोव्हरहून निघाले. ६ ऑगस्ट रोजी हीरोशीमावर आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकीवर अणुबाँब टाकण्यात आले. १९४५ च्या अखेरपर्यंत या दोन शहरांत मिळून सुमारे दोन लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. निर्मनुष्य मैदानावर ज्या क्रियेचा सराव झाला, ती प्रत्यक्षात दाट वस्तीच्या नगरांवर करण्यात आली.

युद्धानंतर काही काळ येथे क्षेपणास्त्रांच्या चाचण्या झाल्या. १९४८ मध्ये तळ निष्क्रिय करण्यात आला. पुढे हवाई दलाने तो अधूनमधून वापरला. १९७५ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश झाला. १९७७ मध्ये विमानतळाचा बराचसा भाग वेंडोव्हर नगराला मिळाला व १९९८ मध्ये तो टूविला काउंटीकडे आला. सरावक्षेत्राचा मोठा भाग मात्र आजही हवाई दलाच्या ताब्यात आहे. विमानतळाचा उपयोग प्रामुख्याने खासगी विमाने, तसेच सीमेपलीकडील नेव्हाडातील जुगारगृहांकडे येणाऱ्या प्रवाशांची भाडोत्री विमाने यांसाठी झाला. काही चित्रपटांचे चित्रीकरणही येथे झाले असून ‘कॉन एअर’ (१९९७) हा त्यांपैकी एक होय.

बहुतेक इमारती नष्ट झाल्या असल्या, तरी ‘एनोला गे’चे हँगर, बाँब विमानात चढविण्यासाठी खणलेला खड्डा व काही बराकी शिल्लक आहेत. कोरड्या हवेमुळे व जमिनीला मागणी नसल्यामुळे हे अवशेष टिकले. स्थानिक संस्थेने संग्रहालय उभारून त्यांच्या जतनाचे कार्य हाती घेतले आहे. तथापि अशा वास्तूंचे जतन हा केवळ दुरुस्तीचा प्रश्न नसतो. वॉशिंग्टन येथे १९९५ मध्ये ‘एनोला गे’च्या प्रदर्शनावरून तीव्र वाद झाला. बाँबस्फोटांचे परिणाम विस्ताराने दाखविण्याच्या योजनेला माजी सैनिकांच्या संघटनांनी विरोध केल्याने ती सोडून द्यावी लागली. वेंडोव्हरलाही हाच प्रश्न लागू पडतो. येथील धावपट्टी व हँगर सैनिकांच्या कष्टांची आणि तांत्रिक कौशल्याची साक्ष देतात. त्या कौशल्याचा परिणाम मात्र हजारो किलोमीटर दूर घडला. या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या, तरच या स्थळाचा इतिहास पूर्ण होतो.