धुळे-जळगावची भूमी किती वजनाची?

१/ गुरुत्वीय त्वरण ९.८, असे शाळेत आपण सारेच पाठ करतो. जळगावचा अक्षांश (सुमारे २१ अंश) आणि उंची (सुमारे २०९ मीटर) हिशेबात घेतली, तर सूत्र ९.७८६ देते. पण ते गणिताचे उत्तर झाले. प्रत्यक्ष भूमीचे उत्तर किंचित निराळे असते, आणि त्या किंचित फरकातच भूगर्भाची हकिकत दडलेली असते.

२/ हे कोडे भारतातच उभे राहिले. सर्वेक्षण खात्याने कल्याणपूर ते कलियाना हे अंतर त्रिकोणांनी मोजले आणि ताऱ्यांच्या वेधांनीही. दोन्हींत सुमारे ५.२ विकलांची तफावत आली. हिमालय ओळंबा ओढत असावा, हे उघड होते. पण १८५५ मध्ये प्रॅट यांच्या गणिताने हा फरक सुमारे १६ विकला यायला हवा होता! मग पर्वताखाली काही हलके आहे काय?

३/ उत्तरासाठी गुरुत्वच मोजणे भाग होते. १८६५ पासून कॅप्टन बासेवी रॉयल सोसायटीचे पितळी लंबक घेऊन देशभर फिरले. लांबी तीच असेल, तर गुरुत्व अधिक तेथे लंबक जलद झुलतो.

४/ हे काम किती नाजूक! दिवसाला सुमारे ८६,००० आंदोलने. समुद्रसपाटीवरून जळगावइतके उंच चढल्यास, केवळ उंचीमुळे, त्यांत जेमतेम तीन कमी होतात. म्हणूनच लंबक निर्वात पात्रात झुलवीत आणि तापमानावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीत.

५/ दक्षिण टोकापासून, खानदेशाच्या शेजारच्या वऱ्हाडातून, ही मोजणी हिमालयापर्यंत गेली. किनाऱ्यांवर व बेटांवर गुरुत्व अपेक्षेहून अधिक, तर पर्वतांत कमी भरले. लडाखमध्ये १५,००० फुटांहून उंच मोरे येथे मोजणी करून पुढे जाताना, जुलै १८७१ मध्ये, बासेवी मृत्यू पावले. त्यांच्या आकड्यांनी मात्र पर्वताखालच्या हलक्या खडकांची साक्ष दिली.

६/ आज लंबकाची जागा गुरुत्वमापकाने घेतली आहे, हेतू तोच. खानदेशात काळा कातळ जड, तर सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात तापी खोऱ्याचा जाड गाळ हलका. गाळ जितका खोल, तितकी गुरुत्वात तूट. मात्र आकडा एकटा पुरत नाही, कारण खोलवरचा जड खडक ही तूट झाकू शकतो. म्हणून भूकंपलहरींची जोड लागते. सेंधवा-सिंदाड रेषेवर तसे सर्वेक्षण झालेही आहे.

७/ याच गाळातील पाण्यावर रावेर-यावलच्या केळीबागा उभ्या आहेत. गाळ किती खोल, हा त्या शेतकऱ्याच्या विहिरीचा प्रश्न आहे. दशांश चिन्हापुढचे ते इवलेसे आकडे म्हणूनच क्षुल्लक नाहीत.