टीव्हीचं बिल: पोस्टातून केबलवाल्याकडे, केबलवाल्याकडून मोबाईलवर

यंदा आमच्या घरातली केबल आम्ही बंद केली. १९९४ साली अब्बांनी घेतलेली जोडणी होती ती. थोरला मुलगा बरेच दिवस मागे लागला होता, "अब्बा, अब केबल कौन देखता है? सब तो मोबाइल पे आता है. हर महीने के पैसे बचेंगे." मी उर्दू माध्यमाच्या एका अंशतः अनुदानित शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. अनुदानाचा पुढचा टप्पा कधी मिळेल याची वाट बघण्यात माझी निम्मी नोकरी गेली. त्यामुळे महिन्याच्या शेवटी वही घेऊन बसणं ही आमच्या घराची गरजच आहे. पैसे वाचतील म्हटल्यावर मी वही काढली.

वही काढली म्हणजे माझी आणि अब्बांचीही. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मास्तर होते. घरखर्च ते उर्दूत लिहायचे. त्यांच्या सात वह्या अजून माझ्याकडे आहेत. केबलचा खर्च शोधता शोधता मी मागे मागे गेलो आणि लक्षात आलं की आमच्या घरानं करमणुकीसाठी आणि बातम्यांसाठी कोणाला, किती आणि कसे पैसे दिले, याचा पन्नास वर्षांचा इतिहासच या पानांत आहे. तो आमच्या एकट्याचा नाही. घाटावरच्या मेहकर-चिखलीपासून घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचा तो आहे.

पहिली नोंद आहे "रेडिओ लायसन, १५ रुपये". आजच्या मुलांना हे खोटं वाटतं, पण त्या काळी रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागत असे. वर्षाचे १५ रुपये पोस्टात भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेवर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. टीव्हीला वर्षाचे ५० रुपये पडायचे. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सरकारनं ती रद्द केली. अब्बा रात्री बीबीसीची उर्दू सेवा ऐकायचे तेव्हा खिडकीबाहेर चार-पाच माणसं बसलेली असायची. परवाना एका घराचा, ऐकणारी अर्धी गल्ली.

टीव्ही आमच्याकडे उशिरा आला. दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक केंद्र १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं आणि मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आलं. आमच्या मोहल्ल्यात मात्र १९८७ सालीही टीव्ही असलेली घरं एका हाताच्या बोटांवर मोजता येत. पैसा हे एक कारण होतं. दुसरं कारणही सांगितलं पाहिजे. टीव्ही घरात आणावा की नाही, यावर तेव्हा मुस्लिम वस्त्यांत खरोखरच वाद होता. बुजुर्ग मंडळी त्याला घरात शिरलेलं सिनेमाघर म्हणायची. आमच्या दादींनीही साफ नकार दिला होता. रविवारी सकाळी 'रामायण' बघायला आम्ही पोरं शेजारच्या कुळकर्णी आजींच्या घरी जाऊन बसायचो आणि पुढे 'महाभारत'ही तिथेच बघितलं. त्या 'महाभारता'चे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिलेले आहेत, हे अब्बांनी सांगितलं तेव्हा दादी पहिल्यांदा थोड्या नरमल्या.

त्या पुरत्या नरमल्या त्या गालिबमुळे. १९८८ साली दूरदर्शनवर गुलजार यांची 'मिर्झा गालिब' मालिका लागली. नसिरुद्दीन शाह त्यात गालिब झाले होते. उर्दूच्या मास्तरला गालिब बघायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतंय, हे अब्बांना सहन झालं नाही. त्या वर्षीच्या वहीत नोंद आहे, "टीव्ही, ब्लॅक अँड व्हाइट, जुना, ९०० रुपये, तीन हप्ते". अँटेना उंच पाइपावर. वारा सुटला की मी छतावर, अब्बा खोलीत आणि अम्मी मधे दारात. वरून मी ओरडायचो, "आया क्या?" खालून निरोप यायचा, "थोडा और घुमा!" पण एकदा ते ९०० रुपये दिल्यावर महिन्याचं बिल असं काही नव्हतं. परवाना रद्द झालेला, वाहिनी सरकारी, हवेतून फुकट येणारी. बिल नसलेला टीव्ही आमच्या घरानं सहा वर्षं बघितला आणि आमच्यासोबत गल्लीनंही बघितला.

मग केबल आली. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झालं आणि सीएनएनवरून ते जगभरच्या घरांत थेट दिसू लागलं. आखातात नोकरीला गेलेली माणसं आपल्याकडच्या कितीतरी घरांत होती. त्यांच्यासाठी ही नुसती बातमी नव्हती. त्याच वर्षी स्टार टीव्ही आला आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही. मोठ्या शहरांत एकेका इमारतीवर डिश बसली. पाठोपाठ तालुक्याच्या गावांतही कोणी धडपड्या तरुण उठला, कर्ज काढून डिश आणि ॲम्प्लिफायर आणले आणि विजेच्या खांबांवरून, छपरांवरून, झाडांच्या फांद्यांवरून काळी वायर घरोघरी पोचवली. कायदा मागाहून आला. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा १९९५ चा. गंमत बघा, त्या कायद्याखाली केबलवाल्याची नोंदणीही पोस्टातच होत असे. ज्या पोस्टात अब्बा रेडिओचे १५ रुपये भरायचे तिथेच.

आमची पहिली नोंद "केबल, ५० रुपये". आता बिल महिन्याचं झालं होतं, पण ते घ्यायला येणारा माणूस ओळखीचा होता. अब्बांचा पगार लांबला की तो म्हणायचा, "राहू द्या गुरुजी, पुढच्या महिन्यात द्या." अब्बांच्या वहीत केबलच्या खात्यात "बाकी" हा शब्द अकरा वेळा आहे. त्याची स्वतःची एक स्थानिक वाहिनी होती. रमजानमध्ये सहेरी आणि इफ्तारची वेळ तिच्यावर पट्टीत यायची, कोणाच्या इंतकालची आणि जनाज्याची खबर यायची, पोळ्याच्या आणि गणपतीच्या मिरवणुकाही तिथेच दिसायच्या. पुढे १९९९ साली अल्फा मराठी, २००० साली ई टीव्ही मराठी आणि २००१ साली ई टीव्ही उर्दू आली. मराठी मालिका अम्मीच्या, उर्दू बातम्या आणि मुशायरे अब्बांच्या. एका वायरीत दोन्ही भाषा आल्या. आमच्यासारख्या दोन भाषांत जगणाऱ्या घराला आणखी काय पाहिजे होतं?

वहीतला आकडा हळूहळू शंभर झाला, दीडशे झाला. मग सेट टॉप बॉक्सचा काळ आला. २०११ च्या दुरुस्तीनं केबल डिजिटल करणं सक्तीचं झालं. मुंबईसारखी महानगरं २०१२ मध्ये बदलली. आमच्यासारख्या छोट्या शहरांना ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत होती आणि खेड्यांना त्यानंतरची, जी वाढत वाढत ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. चित्र स्वच्छ झालं, पण बिलाची किल्ली गल्लीतल्या माणसाच्या हातून गेली. आता पैसे भरले नाहीत तर दूर कुठेतरी यंत्रच जोडणी बंद करतं. "बाकी" हा शब्द माझ्या वहीतून तेव्हाच गेला.

२०१९ च्या सुरुवातीला ट्रायचे नवे नियम लागू झाले. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये मूळ शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. जे बघाल त्याचेच पैसे द्या, असं सांगितलं गेलं. कल्पना वाईट नव्हती. पण आजीची मालिका, नातवाचं कार्टून आणि सगळ्यांचं क्रिकेट वेगवेगळ्या पॅकमध्ये. तीन पॅक घेतले की बिल पहिल्यापेक्षा जास्त. त्या १३० रुपयांतही वेगळा करार नसेल तर ५५ टक्के वरच्या कंपनीला आणि ४५ टक्के, म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये, गल्लीतल्या केबलवाल्याला. वायर दुरुस्त करायला खांबावर तोच चढायचा.

याच सुमारास दुसरीकडून मोबाईल आला होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट होतं. त्याआधी एका जीबीला साधारण अडीचशे रुपये मोजायचे. शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही हिशोब करायचो की आता केबल कशाला हवी? मग २०२० चा लॉकडाऊन आला. मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही चांगली मालिका लागली. पण ती मराठीत होती. उर्दू माध्यमाच्या माझ्या विद्यार्थ्यांसाठी मी धडे रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवायचो. ज्या घरात एकच फोन होता आणि तो घेऊन बाप कामावर जायचा, तिथली मुलं रात्री नऊनंतर अभ्यास करायची. त्या वर्षी घराघरांत दुसरा फोन आला, मग तिसरा. पूर्वी टीव्हीचं बिल घराचं होतं, आता ते माणशी झालं.

आता माझी वही. केबल महिन्याला ३८० रुपये, वर्षाचे ४,५६०. घरात चार फोन. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज जुलै २०२४ मध्ये २३९ वरून २९९ झाला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. केबलवाल्याचा महिना तीस दिवसांचा होता, रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा हप्ते. चार फोन, प्रत्येकी २९९, तेरा वेळा: १५,५४८ रुपये. केबल धरून २०,१०८. केबलच्या ३८० रुपयांवर घरात चर्चा झाली, पण या पंधरा हजारांवर कधीच झाली नाही, कारण ते थोडे थोडे, चार ठिकाणांहून जातात.

मुलाच्या सांगण्याप्रमाणे केबल काढून फायबर घ्यायचं ठरवलं. महिन्याला ४९९ आणि जीएसटी धरून ५८९, वर्षाचे ७,०६८. घरी वायफाय आलं म्हणून अम्मीचा आणि बायकोचा फोन फक्त बोलण्याच्या रिचार्जवर टाकला. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर कंपन्यांना असे रिचार्ज ठेवावे लागतात. दोघींचे मिळून वर्षाला सुमारे ३,९००. माझा आणि मुलाचा पूर्वीसारखा, ७,७७४. एकूण १८,७४२. वाचले १,३६६ रुपये. मी खूश होतो तेवढ्यात मुलानं दोन ॲपच्या वर्गण्या सांगितल्या, मिळून वर्षाला १,५०० च्या आसपास. म्हणजे केबल तोडून पैसे वाचवण्यासाठी मी वर्षाला १३४ रुपये जास्त भरणार होतो!

मार्ग अब्बांच्या वहीनंच दाखवला. एका परवान्यावर अर्धी गल्ली रेडिओ ऐकत होती आणि आमच्या एका टीव्हीभोवती दहा माणसं बसत होती. खर्च कमी होता तो वस्तू स्वस्त होती म्हणून नाही, ती वाटून घेतली जात होती म्हणून. त्याच घरात वरच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ राहतो. त्याचीही केबल वेगळी होती आणि तोही फायबर घेणार होता. आम्ही दोघांनी मिळून घराला एकच फायबर घेतलं. माझा वाटा ३,५३४. वर्गण्या घ्यायच्या नाहीत असं ठरलं. मुलगा चार दिवस रुसला. आता वर्षाचे ४,९०० वाचतात.

अम्मीचा प्रश्न राहिला होता. तिला ॲप उघडता येत नाही. तिच्या बोटांना वाहिन्यांचे नंबर पाठ होते. स्क्रीनवर बोट फिरवून तिची मालिका शोधायला तिला नातवाला हाक मारावी लागायची. एकदा ती म्हणाली, "पहले रिमोट मेरे हाथ में था बेटा, अब मैं पोते के हाथ में हूँ." मग तिच्या खोलीत डीडी फ्री डिश बसवली. २००४ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा आहे. डिश आणि बॉक्सचे पैसे एकदाच द्यायचे, महिन्याचं बिल नाही. सह्याद्री दिसते, डीडी उर्दू दिसते आणि २००७ च्या कायद्यामुळे भारताचे महत्त्वाचे क्रिकेट सामनेही दिसतात. हा खर्च पहिल्या वर्षाच्या बचतीतून निघाला. १९८८ चा तो बिल नसलेला टीव्ही अम्मीकडे परत आला.

केबलचा बॉक्स न्यायला जो मुलगा आला तो माझा जुना विद्यार्थी. त्या पहिल्या केबलवाल्याचा धंदा आता तो सांभाळतो. मला अवघडल्यासारखं झालं. तो म्हणाला, "सर, तुमच्या गल्लीत आता सहाच कनेक्शनं उरली. मी पण फायबर टाकायला सुरुवात केली आहे." फायबर त्याच्याकडूनच घेतलं. दुसरीकडे महिन्याला वीस-तीस रुपये स्वस्त मिळालं असतं. पण पावसात वायर तुटली तर फोन कोणाला करायचा, हे मला माहीत आहे.

वाचकहो, केबल तोडायची की ठेवायची हे प्रत्येकानं आपल्या घराकडे बघून ठरवावं. फक्त एक करा. टीव्हीच्या बिलाशेजारी घरातल्या प्रत्येक फोनचा रिचार्ज लिहा, त्याला तेरानं गुणा आणि मग बेरीज करा.