वाऱ्याच्या आडोशाने : वेगविक्रमी सायकलीची कथा

सायकलस्वाराचा खरा शत्रू चढ नव्हे, वारा होय. चढ डोळ्यांना दिसतो आणि केव्हा तरी संपतो. वारा दिसत नाही, आणि आपण जितक्या वेगाने जावे तितक्या अधिक बळाने तो छातीवर येतो. हवा अगदी निवांत असली तरी वेगाने जाणाऱ्यास ती भिंतीसारखी भासते. तिचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग पाचपट करावयाचा तर शक्ती सव्वाशेपट हवी. एवढे बळ मनुष्याच्या पायांत कोठून यावे? तेव्हा कोणी तरी पुढे होऊन वारा अंगावर घ्यावा आणि स्वाराने त्याच्या आडोशाने धावावे, ही कल्पना निघाली. या आडोशाने धावणाऱ्या सायकलीची घडण शंभराहून अधिक वर्षांत कशी पालटत गेली, ते आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

आरंभ अमेरिकेतील चार्ल्स मर्फी याच्यापासून करणे योग्य होईल. आडोसा मिळाला तर आगगाडीच्या मागे आपण सायकल चालवू शकू, असे तो म्हणे, आणि लोक हसत. अखेर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड रेल्वेने त्याचे म्हणणे मनावर घेतले. रुळांच्या मधोमध फळ्यांची गुळगुळीत वाट अंथरली गेली आणि गाडीच्या शेवटच्या डब्यास मागील बाजूने छपरासारखा आडोसा बांधला गेला. ३० जून १८९९ रोजी मर्फीने एक मैल ५७.८ सेकंदांत तोडला. फळ्यांची वाट संपत आली तेव्हा डब्यातील माणसांनी त्याला सायकलीसकट वर ओढून घेतले, म्हणून तो वाचला. पुढे ‘मिनिटाला मैल मर्फी’ हेच त्याचे नाव झाले. त्या दिवशी दोन गोष्टी सिद्ध झाल्या. वारा अडविला तर पायांची शक्ती कल्पनेपलीकडे पुरते, ही एक. आणि वेग गाठण्याइतकेच सुखरूप थांबणेही कठीण असते, ही दुसरी.

याच सुमारास युरोपातील धावपट्ट्यांवर मोटारसायकलीच्या मागे धावण्याच्या शर्यती लोकप्रिय होत होत्या. त्यांसाठी जी सायकल घडविली गेली ती पाहून साधा कारागीर बुचकळ्यात पडेल. तिचे पुढचे चाक मागच्याहून लहान, आणि पुढचा चिमटा उलटा, म्हणजे त्याचा बाक पुढे न वळता मागे वळलेला. लहान चाक आणि उलटा चिमटा यांमुळे स्वार मोटारसायकलीच्या अधिक निकट जातो. शिवाय चाक जमिनीला जेथे टेकते ते ठिकाण हँडलाच्या आसाच्या रेषेपासून आणखी मागे पडते, त्यामुळे सायकल आपली सरळ वाट सहसा सोडीत नाही. मोटारसायकलीच्या मागे एक फिरता रूळ बसविलेला असे, की चुकून चाक लागलेच तर रूळ फिरावा आणि स्वार पडू नये. अशा रचनेच्या जोरावर १९२८ साली फ्रान्समधील माँलेरी येथे बेल्जियमच्या लेऑन व्हॅन्डरस्टॉयफ्ट याने एका तासात १२२ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले.

पुढचा प्रश्न दात्यांचा होता. आपल्याकडील साध्या सायकलीस पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. पायडलाच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. या सायकलीने ताशी पावणेदोनशे किलोमीटरांचा वेग गाठावयाचा तर पाय मिनिटाला पाचशेहून अधिक फेरे फिरले पाहिजेत. हे मनुष्याच्या आवाक्यातले नव्हे. १७ मे १९४१ रोजी कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ आल्फ लेतूर्नेर याने ताशी १०८.९२ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेग साधला, तेव्हा त्याच्या सायकलीस पुढे ५७ आणि मागे अवघे ६ दाते होते. १९ जुलै १९६२ रोजी जर्मनीत फ्रायबुर्गजवळ फ्रान्सचा जोझे मेफ्रे हा मर्सिडीज मोटारीच्या मागे ताशी २०४.७७८ किलोमीटर वेगाने गेला. त्याच्या पुढच्या दातेरी चक्रास १३० दाते होते आणि मागच्यास १५. हाच मेफ्रे १९५२ साली माँलेरीच्या धावपट्टीवर पडून मरणाच्या दारातून परतला होता. दहा वर्षांनी तो पुन्हा त्याच वाटेने गेला, यावरून या वेडाची जात ध्यानात यावी.

दाते वाढविण्यासही मर्यादा असते. पुढचे चक्र आणखी मोठे केले तर ते जमिनीला टेकेल. मागचे आणखी लहान केले तर साखळी त्यावर नीट बसणार नाही. यावर तोड निघाली ती दुहेरी साखळीची. पायडलाचे मोठे चक्र मधल्या आसावरील लहान चक्रास फिरविते. त्याच आसावर दुसरे मोठे चक्र असते, ते दुसऱ्या साखळीने मागच्या चाकास फिरविते. प्रत्येक टप्प्यात साडेचारपट वाढ झाली तर दोन्ही मिळून ती वीसपट होते. अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिलच्या सपाट मिठागरावर २० जुलै १९८५ रोजी जॉन हॉवर्ड याने ताशी १५२ मैलांचा वेग गाठला तो अशाच दुहेरी रचनेने. अशी सायकल जागेवरून पायांनी हलविणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून तिला प्रथम दोराने ओढून बऱ्याच वेगापर्यंत नेतात. मग स्वार तो दोर सोडून देतो आणि तेथून पुढे केवळ पायांवर भिस्त ठेवतो.

चाकांचेही तसेच झाले. सायकलीची बारीक धाव असल्या वेगात फुटली वा निसटली तर स्वाराचे काय होईल हे सांगावयास नको. तेथे मोटारसायकलीची बुटकी, भक्कम चाके आली. सायकलीचा सांगाडा लांबविला गेला, आणि हँडल थरथरू लागून सायकल हातची जाऊ नये म्हणून त्यास रोधक बसविला गेला. ३ ऑक्टोबर १९९५ रोजी हॉलंडचा फ्रेड रॉम्पेलबर्ग, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ताशी २६८.८३१ किलोमीटर वेगाने गेला. त्याचा विक्रम मोडला तो एका स्त्रीने. १६ सप्टेंबर २०१८ रोजी डेनिस म्यूलर-कोरेनेक या तीन मुलांच्या आईने बॉनव्हिलवरच ताशी १८३.९३ मैल, म्हणजे २९६ किलोमीटर वेग साधला. तिला शिकविणारा जॉन हॉवर्ड होता, पुढची मोटार रॉम्पेलबर्गच्याच विक्रमातली होती, आणि ती चालविणारी शे हॉलब्रूक हीही स्त्रीच होती.

आता कोणी विचारील, वारा मोटारीने अडविला, आरंभी दोराने ओढले, मग यात स्वाराचे कर्तृत्व ते काय? शंका रास्त आहे. परंतु थोडे गणित केले तर वेगळेच चित्र दिसते. लेतूर्नेरचे पाय मिनिटाला सुमारे १४५ फेरे फिरले असावेत, मेफ्रेचे १८५च्या आसपास. म्यूलर-कोरेनेकची सायकल एका फेऱ्यात सुमारे ३९ मीटर जात होती. म्हणजे तिचे पाय मिनिटाला सव्वाशे वेळा फिरले. वेग पावणेदोनशे किलोमीटरांवरून तीनशेच्या घरात गेला, पण पायांची गती वाढली नाही. सायकल घडविणाऱ्यांची सारी विद्या एवढ्यासाठीच खर्ची पडली आहे, की मनुष्याचे पाय जसे आहेत तसेच राहावेत आणि तरी त्यांना हे अंतर तोडता यावे.

उरते ते धैर्य, आणि ते एकट्या स्वाराचे नव्हे. आडोशाची जागा अगदी मोजकी असते. स्वार थोडा मागे राहिला की वाऱ्याची भिंत त्याला तेथेच अडविते, आणि पुढच्याने अवचित वेग कमी केला तर टक्कर ठरलेली. पुढे सारथ्य करणाऱ्याचा पाय आणि मागे पायडल मारणाऱ्याचा पाय यांचा मेळ बसला नाही, तर उत्तमातली उत्तम सायकलही व्यर्थ होय. विक्रमाच्या नोंदीत नाव मात्र एकाचेच लिहिले जाते. आमच्या मते ती नोंद वाचताना पुढे बसून वारा झेलणाऱ्याचे, आणि दुकानात बसून एकेक दाता घासणाऱ्या कारागिराचे स्मरण ठेवणे, हाच त्या विक्रमाचा खरा मान आहे.