हाडाला निरोप द्यायचा, पण सावकाश

आजची गोष्ट हाडांची आहे, पण खरं सांगायचं तर ती वेळेची आहे.

मोडलेलं हाड शरीर स्वतःच जोडतं. पण मधे मोठी फट राहिली की ते त्याला जमत नाही. मग सर्जन बहुतेक वेळा रुग्णाच्याच कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवतात. म्हणजे एक जखम भरायला दुसरी जखम!

याला पर्याय सापडला १९६५ मध्ये. लॉस एंजेलिसचे सर्जन मार्शल युरिस्ट यांनी हाडातले क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. काही आठवड्यांनी तिथे, चक्क मांसात, नवं हाड तयार झालं. म्हणजे 'इथे हाड बनव' असा निरोप देणारं काहीतरी हाडातच होतं. युरिस्टनी त्याला नाव दिलं बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, थोडक्यात बीएमपी. पण हाडात ते अगदी नाममात्र असतं. १९८८ मध्ये त्याची जनुकं हाती लागली, तेव्हा कुठे ते प्रयोगशाळेत हवं तेवढं बनवता येऊ लागलं.

आता दुसरा धागा. अक्षरशः धागाच! १९७० च्या दशकात शरीरात आपोआप विरघळणारे कृत्रिम टाके वापरात आले. ते लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लाच्या साखळ्यांचे असतात. पाण्याने या साखळ्या हळूहळू तुटतात. १९७६ मध्ये रॉबर्ट लँगर आणि ज्यूडा फोकमन यांनी दाखवलं, की पॉलिमरमधून प्रथिनांसारखे मोठे रेणूसुद्धा दीर्घकाळ झिरपत सोडता येतात. तोवर बहुतेकांना हे अशक्यच वाटायचं. त्यांचं पॉलिमर विरघळणारं नव्हतं; पण १९८९ मध्ये टाक्यांच्याच जातीच्या पॉलिमरचे सूक्ष्म कण असलेलं, महिनाभर पुरणारं प्रोस्टेट कॅन्सरचं इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झालं.

मग बीएमपी या कणांत भरलं की झालं, नाही का? तिथेच तर गोम आहे. कण बनवताना प्रथिनाची गाठ रासायनिक द्रावकाशी पडते आणि त्याची घडी बिघडू शकते. कण विरघळताना आत आम्ल साचतं, तेही घातक. शिवाय पृष्ठभागाजवळचं प्रथिन पहिल्या दिवशीच भसकन बाहेर पडतं.

त्यामुळे २००२ मध्ये अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी बीएमपी-२ मंजूर झालं ते कणांत नव्हे, तर कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून. स्पंज प्रथिन फार काळ धरून ठेवत नाही, म्हणून मात्रा मिलिग्रॅममध्ये द्यावी लागली. शरीर स्वतः वापरतं त्याच्या कितीतरी पट! २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला: मानेच्या मणक्यात वापरल्यावर काही रुग्णांचा घसा सुजला, श्वास घेणं अवघड झालं. त्या वापराला मंजुरी नव्हतीच. नको तिथे हाड वाढल्याच्याही नोंदी झाल्या. २०१३ च्या स्वतंत्र फेरतपासणीत तर कंबरेच्या हाडाच्या तुकड्यापेक्षा फारसा जास्त फायदा दिसला नाही.

औषध खरं होतं, निरोपही बरोबर होता. पण तो कुजबुजत सांगायचा होता आणि आपण ओरडून सांगितला. म्हणूनच प्रयोगशाळांमध्ये या कणांवरचं काम अजून सुरू आहे: थोडं प्रथिन, योग्य जागी, आठवडेच्या आठवडे.