बोटीवरचा पगार की किनाऱ्यावरची बढती?

पर्वरीच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेतून किंवा तत्सम अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या गोमंतकीय युवकासमोर बहुधा दोन वाटा असतात. एक पर्यटक जहाजावरील कंत्राटाची, दुसरी किनाऱ्यावरील हॉटेलात प्रशिक्षणार्थी म्हणून आरंभ करण्याची. पहिलीत पगार अधिक, दुसरीत चढण्यासाठी पायऱ्या अधिक. घरावर कर्ज असेल, बहिणीचे लग्न ठरलेले असेल, तर ही निवड एकट्याची राहत नाही. म्हणूनच ती आकड्यांनिशी तपासणे हिताचे ठरते.

बोटीवरील कंत्राट साधारणतः सहा ते नऊ महिन्यांचे असते. दोन कंत्राटांमधील सुटीत बहुतेक कर्मचाऱ्यांना वेतन मिळत नाही. त्यामुळे दरमहा ६० हजार रुपयांचे आठ महिन्यांचे कंत्राट म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार, अर्थात महिन्याला सरासरी ४० हजार रुपये. तुलना करायची ती या ४० हजारांशी, ६० हजारांशी नव्हे. निवास व भोजन जहाजावरच असल्याने बचत मात्र चांगली होते. आर्थिक वर्षात भारतातील वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी राहून अनिवासी दर्जा मिळाल्यास परदेशी जहाजावरील वेतनाला सामान्यतः प्राप्तिकर लागत नाही.

आता उदाहरणादाखल किनाऱ्यावरील नोकरी २५ हजारांची धरू. बढत्या मिळून तेथील वेतन वर्षाला १२ टक्क्यांनी आणि बोटीवरील वेतन, हुद्दा तोच राहिल्यास, ४ टक्क्यांनी वाढते असे मानले, तर किनाऱ्यावरचा मासिक पगार आठव्या वर्षी पुढे जातो. मधल्या काळातील तूट भरून एकूण कमाई वरचढ व्हायला मात्र बारावे वर्ष उजाडते. ज्या घराला पहिल्या पाच वर्षांतच पैशांची निकड आहे, त्याच्यासाठी हा काळ अल्प नाही. उलटपक्षी, १२ टक्क्यांची वाढ प्रत्यक्षात मिळालीच नाही, तर कमी पगार पत्करण्याचे कारणच उरत नाही.

पगारपत्रकाबाहेरच्या गोष्टीही मोजायला हव्यात. देशातील नोकरीत भविष्य निर्वाह निधीत मालकाचा १२ टक्के वाटा जमा होतो. त्यातील निवृत्तिवेतन योजनेसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. ग्रॅच्युइटी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने मिळते; कायम नोकरीत त्यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची अट असते. परदेशी जहाजावर ही तजवीज बहुधा स्वतःलाच करावी लागते. निवृत्त तारवटी आणि तारवट्यांच्या विधवांसाठी राज्य सरकारला निवृत्तिवेतनाची योजना आणावी लागली, त्यामागचे वास्तव हेच आहे.

जोखमीचा विचारही अटळ आहे. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पर्यटक जहाजे थांबली, अनेक गोमंतकीय कर्मचारी समुद्रातच अडकून पडले आणि परतल्यावर पुढचे कंत्राट केव्हा मिळेल याची शाश्वती राहिली नाही. वैद्यकीय चाचणीत अपात्र ठरल्यास बोटीवरची वाट बंद होते. अर्थात, पर्यटन मंदावले की किनाऱ्यावरची हॉटेलेही सुरक्षित राहत नाहीत.

म्हणून ‘बढतीला वाव आहे’ एवढ्या आश्वासनावर विसंबू नये. याच पदावर तीन वर्षांपूर्वी लागलेले आज कोणत्या हुद्द्यावर आहेत? शिकवणारे वरिष्ठ कोण आहेत? अनुभवाचे प्रमाणपत्र अन्यत्र ग्राह्य धरले जाते का? हे प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारावेत. स्वयंपाकघरात कॉमी म्हणून लागलेल्याला बोटीवरही शेफच्या हुद्द्यापर्यंत जाता येते. तेथे वाढ खुंटतेच असे नाही.

बोट निवडणाऱ्याने कंत्राटांची संख्या आधीच ठरवावी. अमुक कर्ज फेडायचे, अमुक रक्कम साठवायची आणि अमुक वर्षी परतायचे, हे घरातही सांगून ठेवावे. किनारा निवडणाऱ्याने दोन वर्षांची मुदत घालावी. तोवर काम, हुद्दा वा वेतन यांपैकी काहीच पुढे सरकले नाही, तर नवी जागा शोधावी. मुदत न ठरवता स्वीकारलेला अधिक पगार आणि पुरावा न मागता स्वीकारलेली बढतीची आशा, दोन्ही सारखीच महाग पडतात.